एक उल्लेख कमी

आपण नेमके कोण आहोत हे कळायला माणसाचा अख्खा जन्म जातो म्हणतात. मुंगीसरांना ते एका मंगळवारी सकाळी साडेअकराला कळलं, आणि तेही संस्थेच्या हेडक्लार्क बाईंकडून.

"सर, तुम्ही चौघं आहात," बाई म्हणाल्या.

सरांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं, पाण्याचं पिंप होतं.

"म्हणजे?"

"म्हणजे हे बघा ना." बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. जगातल्या संशोधकांनी किती निबंध लिहिले आणि इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचे किती उल्लेख केले, याची मोजदाद ठेवणारी ती वेबसाइट होती. तिच्यावर सरांचं नाव एकाखाली एक चार वेळा होतं. पहिले सर मुंग्यांवर लिहीत होते. दुसरे धान्याच्या कोठारांवर. तिसऱ्यांचा विषय दवाखान्यातल्या रांगा हा होता आणि चौथे इमारतींच्या जिन्यांमध्ये आणि दारांमध्ये रमलेले होते.

"या मशीनचं म्हणणं असं आहे," बाई म्हणाल्या, "की इतके निरनिराळे विषय एक माणूस करूच शकत नाही."

"पण मीच केलेत हो," सर म्हणाले. चोरी कबूल करावी तसा त्यांचा आवाज झाला होता.

खरं सांगायचं तर सरांनी आयुष्यभर एकच विषय केला होता. अरुंद तोंडातून पुष्कळ जण बाहेर कसे पडतात, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मग त्या मुंग्या असोत, गव्हाचे दाणे असोत की औषधाच्या खिडकीपुढचे पेशंट असोत. प्रश्न एकच, पण त्याचं उत्तर छापायला एक मासिक तयार होत नसे. मुंग्यांचं मासिक म्हणे, दाणे काढा. धान्याचं मासिक म्हणे, मुंग्या काढा (आणि हे त्यांचं म्हणणं तसं रास्तच होतं). त्यामुळे सरांचे एकतीस निबंध लग्नानंतर पांगलेल्या लेकींसारखे चार घरी जाऊन पडले होते. माहेरचं नाव कुणी विचारत नव्हतं.

आता ते विचारायची वेळ आली होती. संस्थेत खोल्या कमी आणि माणसं जास्त झाल्यामुळे संचालकांनी परिपत्रक काढलं होतं. ज्याचा इंडेक्स दहाच्या खाली, त्याने सहा महिन्यांत खोली रिकामी करावी. दहा इंडेक्स म्हणजे ज्याचे दहा निबंध असे आहेत की त्यातल्या प्रत्येकाचा दुसऱ्यांनी निदान दहा वेळा उल्लेख केला आहे. सरांची खोली मागच्या जिन्याखाली होती. उंच माणसाला तिच्यात अर्ध्याच भागात उभं राहता येई. पण तिच्यात सरांच्या मुंग्यांची अकरा वर्षं जुनी वारुळं काचेच्या पेट्यांमध्ये नांदत होती, दाणे ओतायची सात नरसाळी भिंतीला टांगलेली होती आणि निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. रिकाम्या होणाऱ्या खोल्यांत काय येणार, तर अनेक विषयांचा मेळ घालणाऱ्यांसाठी एक नवं केंद्र. सर मोठ्या आशेने केंद्राच्या प्रमुखांना भेटायला गेले. प्रमुखांनी विचारलं, "तुमचा मूळ विषय कोणता?" सर म्हणाले, "मेळ घालणं हाच." प्रमुखांनी खेदाने मान हलवली. फॉर्मवर विषयाच्या रकान्यापुढे कंसात 'एकच लिहावा' असं छापलेलं होतं.

आणि चार सरांचे चार इंडेक्स होते चार, तीन, पाच आणि तीन.

"चार नि तीन सात, सात नि पाच बारा, बारा नि तीन पंधरा," शेजारचे विमावाले म्हणाले. "पंधरा झाले की हो सर! दहा मागतायत, पंधरा आहेत. पेढे काढा!"

विमावाल्यांनी पस्तीस वर्षं विम्याच्या पॉलिसी विकल्या होत्या. निवृत्त झाल्यापासून ते सल्ले देत, आणि त्याचा हप्ता नव्हता.

"तशी बेरीज होत नाही त्याची," सर म्हणाले.

"का नाही होत?"

सरांनी वहीत दहा ओळी आखल्या आणि समजावून सांगायला घेतलं. पाऊण तासाने विमावाले म्हणाले, "समजलं. म्हणजे पंधराच ना?"

"अहो, त्यांना चहा तरी पिऊ द्या," आतून सरांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांची नोकरी पोस्टात झाली होती, तीही सगळी खिडकीवर. सरकारी कागद आणि चिडलेला माणूस या दोन गोष्टींना त्या घाबरत नसत. "आधी तुम्ही चौघं एक व्हा. मग मोजा."

एक होणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. वेबसाइटला पत्र लिहिल्यावर कुठल्याशा यंत्राकडून नम्र उत्तर आलं की, आपण चौघे संशोधक एकच आहात याला चारही संशोधकांची स्वतंत्र लेखी संमती हवी. सरांनी चार पत्रं लिहिली. ती लिहिताना त्यांना उगाचच संकोच वाटत होता. मुंग्यांवाले आणि जिन्यांवाले लगेच तयार झाले. दवाखान्यावाल्यांचा इंडेक्स पाच, म्हणजे चौघांत तेच जरा वर आलेले, त्यामुळे त्यांचं पत्र लिहिताना सरांनी 'कृपया' हा शब्द जास्तीचा घातला. कोठारवाल्यांच्या पत्रावर सही करायची राहिली. आठ दिवसांनी उत्तर आलं, 'तिघांची संमती मिळाली. चौथ्या संशोधकाची इच्छा दिसत नाही.'

"बघा, तुमचं तुमच्याशीच पटत नाही," पत्नी म्हणाल्या.

शेवटी संस्थेनेच एक दाखला आणायला सांगितला. एकच इसम असल्याचा दाखला, नोटरीच्या शिक्क्यानिशी, दोन साक्षीदारांसह. नोटरीने आयुष्यात असा कागद केला नव्हता. त्याने सरांना खालून वरपर्यंत पाहिलं, मग साक्षीदार म्हणून आलेल्या पत्नींना विचारलं, "तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?"

"छत्तीस."

"या काळात हे एकच होते?"

"एकच. जास्त झेपले नसते."

विमावाल्यांनी दुसरे साक्षीदार म्हणून सही केली आणि जाता जाता नोटरीला विम्याचं महत्त्व पटवून दिलं. दाखला वेबसाइटला गेला. आणखी तीन आठवडे गेले, आणि एका सकाळी हेडक्लार्क बाईंनी सरांना कार्यालयात बोलावून पडदा फिरवला. त्यावर एकच सर होते. एकतीस निबंध. सरांना स्वतःकडे पाहून भरून आलं.

"इंडेक्स?" त्यांनी विचारलं.

बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "नऊ."

नऊ निबंधांना दहा किंवा जास्त उल्लेख होते. दहाव्या निबंधाला नऊच होते. सोळा वर्षांपूर्वीचा, 'नरसाळ्याच्या तोंडापाशी ठेवलेला अडथळा' नावाचा तो निबंध होता. तोंडापाशी मुद्दाम एक खुंटी आडवी ठेवली तर दाणे अडण्याऐवजी लवकर उतरतात, असं सरांनी त्यात दाखवलं होतं. सगळ्यांना उलटं वाटतं आणि असतं भलतंच, या गोष्टीचा सरांना तेव्हा फार आनंद झाला होता. जगात नऊ जणांनाही झाला असावा. दहाव्याने मात्र सोळा वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं.

"एकच तर कमी आहे," बाई धीर देत म्हणाल्या. "कुणाला तरी सांगा ना करायला. सगळे सांगतात."

"मी माझा केला तर?"

"स्वतःचा धरत नाहीत."

झालं. ज्या माणसाने दुकानदाराकडे सुटे पैसे मागायला नको म्हणून आयुष्यभर नको असलेल्या वस्तू घेतल्या, त्याला आता जगाकडे स्वतःचं नाव मागायचं होतं.

"त्यात लाजायचं काय?" विमावाले म्हणाले. "मी लोकांच्या घरात जाऊन, चहा पिऊन, त्यांना 'तुम्ही उद्या गेलात तर' असं सांगायचो! आणि ते सही करायचे. तुम्हाला एक ओळ मागायची आहे. आधी कौतुक करायचं, मग घरच्यांची चौकशी आणि मग सहज जाता जाता विषय काढायचा."

सरांनी हे तीन टप्पे कागदावर लिहून घेतले. खोलीत वारुळापुढे उभं राहून त्यांनी दोन दिवस सराव केला. मुंग्यांनी ऐकून घेतलं. मग धान्यतज्ज्ञांच्या एका चर्चासत्रात ते गेले आणि चहाच्या सुट्टीत एका नामवंत तज्ज्ञाला गाठलं. कौतुक उत्तम झालं. इतकं उत्तम झालं की तज्ज्ञ खुलले आणि चाळीस मिनिटं स्वतःच्या कामाबद्दल बोलत राहिले. घरच्यांची चौकशी केल्यावर त्यांनी नातवाचे फोटो दाखवले. तिसऱ्या टप्प्याला सरांच्या तोंडून निघालं ते असं, "तुमचे बूट छान आहेत."

घरी आल्यावर पत्नींनी विचारलं, "मिळाला का उल्लेख?"

"नाही," सर म्हणाले. "पण मी त्यांचे दोन करायचं कबूल केलंय."

पत्नींनी मोजपट्टी घेतली आणि मागच्या खोलीतल्या कपाटाची रुंदी मोजली. काचेच्या पेट्या घरी आल्या तर कुठे मावतील, हे पाहत होत्या. हा हिशेब त्या मनातल्या मनात करत होत्या आणि तोच सरांना जास्त लागला.

तेव्हा मदतीला धावून आले संस्थेतले वरच्या मजल्यावरचे काँक्रीटवाले. काँक्रीटला तडे का जातात यावर त्यांचा अभ्यास होता आणि त्यांचा आवाजही तसाच, भिंतीतून जाणारा होता.

"सर, एवढंच ना? माझा निबंध पुढच्या महिन्यात येतोय. तुमचा टाकतो त्यात. तुम्ही माझा तुमच्यात टाका. फिटंफाट!"

"पण माझा निबंध मुंग्यांवर आहे."

"मग? मुंग्या भिंतीत राहत नाहीत?"

सरांनी मनाविरुद्ध आपल्या नव्या निबंधात एक वाक्य घातलं, 'काँक्रीटला तडे जातात आणि मुंग्याही फटींमधून जातात.' वाक्य लिहून झाल्यावर ते हात धुऊन आले.

पण अशा गोष्टी लपत नाहीत. चार दिवसांत संस्थेत बातमी पसरली की मुंगीसर उल्लेख करतात. आणि सरांना नाही म्हणता येत नाही ही बातमी तर आधीपासूनच पसरलेली होती. जिन्याखालच्या खोलीपुढे माणसं येऊन उभी राहू लागली. कोंबड्यांच्या खाद्यावर काम करणारे आले. जुन्या नकाशांवर काम करणाऱ्या एक बाई आल्या, त्यांचा आग्रह इतका गोड होता की सरांनी मुंग्यांना नकाशा काढता येतो का, हा प्रश्न निबंधात उपस्थित करून तो अनुत्तरित ठेवला. एकांना दातांच्या कवळीबद्दल काहीतरी हवं होतं. सरांनी मुंग्यांच्या जबड्याचा परिच्छेद वाढवला. महिनाअखेर निबंधात चौदा पाहुणे झाले आणि यजमान कोपऱ्यात गेले. मुंग्यांच्या मासिकाच्या संपादकांनी तो आठ दिवसांत परत पाठवला. सोबत एकच प्रश्न होता, 'आपल्या निबंधात मुंग्या कुठे आहेत?'

एकवीस वर्षांत सरांचा निबंध मुंग्यांच्या मासिकाकडून परत आला नव्हता. त्यांनी दोन दिवस मुंग्यांच्या नजरेला नजर दिली नाही. मुंग्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही, हे ठाऊक असूनही.

इतकं करून काँक्रीटवाल्यांचा निबंध आला. ते स्वतः अंक घेऊन धडधडत जिना उतरले. "घ्या! दिला शब्द पाळला. पान सहा, ओळ चार."

सरांनी चष्मा पुसून पान सहा काढलं. नाव होतं. वर्ष होतं. निबंध मात्र दुसराच होता, दवाखान्याच्या रांगांवरचा, ज्याला आधीच अडतीस उल्लेख होते.

"हा... हा नव्हता हवा," सर पुटपुटले.

"हा नव्हता? अहो, तुमचा सगळ्यात चांगला शोधून टाकला! लोकांचे उल्लेख बघून निवडला. पडेल निबंध टाकून तुमचा अपमान करू का मी?"

त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता की सर म्हणाले, "आभारी आहे." आणि दवाखान्यावाल्या सरांचे एकोणचाळीस झाले.

मुदतीला आठ दिवस उरले. सरांनी खोकी आणली. नरसाळी उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळली. वारुळं हलवायची कशी हा मोठाच प्रश्न होता. मुंग्यांची राणी अकरा वर्षांची, म्हणजे त्यांच्या हिशेबात पणजीच. म्हातारीला हादरा सोसेल की नाही याची सरांना काळजी होती. ते पेटीला कापसाच्या कडा लावत होते तेव्हा हेडक्लार्क बाईंचा फोन आला.

"सर! अहो सर, दहा झाले!"

"कसले?"

"उल्लेख हो! अडथळ्याच्या निबंधाचे. आज सकाळी आला, आपोआप. इंडेक्स दहा! तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"कुणालाच नाही," सर म्हणाले, आणि हे खरं होतं.

संध्याकाळी विमावाले येऊन सरांच्या पाठीवर थाप मारून गेले ("म्हटलं नव्हतं, तीन टप्पे!"). पत्नींनी मोजपट्टी खणात ठेवली. सगळ्यांचं कौतुक आटोपल्यावर सरांच्या मनात एक साधा प्रश्न आला, कुणी केला असेल? दुसऱ्या दिवशी खोलीत बसून त्यांनी तो निबंध उघडला. दूरच्या एका शहरातल्या धान्याच्या गोदामात माल तपासणाऱ्या एका बाईंनी तो लिहिला होता. नोकरी सांभाळून केलेलं काम होतं आणि त्यांचा हा पहिलाच निबंध होता. तिसऱ्या पानावर सरांचं नाव होतं. त्यापुढे लिहिलं होतं, 'हा निष्कर्ष चुकीचा आहे.'

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वाक्य तेच होतं.

बाईंनी सरांचा निबंध वाचून आपल्या गोदामातल्या खऱ्या कोठीच्या तोंडाशी खरोखरच खुंटी बसवली होती. कोरडे दाणे भराभरा उतरले. पण पावसाळी हवेत किंचित ओलावा धरलेले दाणे खुंटीपाशी चिकटले, कमान करून बसले आणि कोठी दोन दिवस बंद पडली. सरांनी आपल्या खोलीत कायम वाळवलेले, निवडलेले, एकसारखे दाणे वापरले होते. बाईंनी मोजमापं दिली होती, तक्ते दिले होते. शेवटी तळटीप होती, 'या दोन दिवसांत हमालांनी व्यक्त केलेल्या प्रतिक्रिया जागेअभावी दिलेल्या नाहीत.'

सर हसले. एकट्या माणसाने खोलीत मोठ्याने हसावं तसे हसले. मग त्यांनी गुंडाळलेलं एक नरसाळं सोडवलं, मूठभर गहू ओल्या फडक्यात तासभर ठेवला आणि ओतला. खुंटीपाशी गहू थांबला. त्यांनी नरसाळ्याला टिचकी मारली. गहू हलला नाही. तीन दिवस त्यांनी निरनिराळे दाणे, निरनिराळ्या खुंट्या, निरनिराळा ओलावा करून पाहिला. बाईंचं बरोबर होतं. सोळा वर्षांत कुणी सरांचा प्रयोग पुन्हा करून पाहिला नव्हता. आधीच्या नऊ जणांनी नुसतंच मान्य केलं होतं. सरांच्या मनात आलं, त्या नऊ उल्लेखांत आपल्याला कुणी वाचलंच नव्हतं. वाचलं ते हिने.

मग आनंद ओसरला आणि सरांचा खरा स्वभाव जागा झाला. ते हेडक्लार्क बाईंकडे गेले.

"निबंध मागे घ्यायचा असेल तर काय करावं लागतं?"

"कुठला?"

"दहावा. चुकीचा आहे तो."

बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला. "सर, तो मागे घेतला तर त्याचे उल्लेखही जातात. मग तुम्ही नऊ. परवा समिती आहे."

"पण चुकलेल्या निबंधावर खोली ठेवायची म्हणजे..."

"फॉर्ममध्ये उल्लेख किती, एवढंच विचारलंय. बरा की वाईट, असा रकाना नाही."

घरी सर जेवले नाहीत. पत्नींनी ताट झाकून ठेवलं आणि समोर बसल्या. सरांनी सगळं सांगितलं. चूक, उल्लेख, खोली आणि म्हातारी राणी.

"एवढंच?" पत्नी म्हणाल्या. "अहो, चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र आम्ही फाडत नव्हतो कधी. त्यावर बरोबर पत्ता लिहायचा आणि पुढे पाठवायचं. जुना पत्ता खोडायचा, पण दिसेल असा. कुणी केली चूक, कुणी सुधारली, सगळं त्या लिफाफ्यावरच राहायचं."

सरांनी ताटावरचं झाकण काढलं.

"आणि समितीत काय सांगू?"

"जे झालं ते. तुम्हाला दुसरं काही सांगता तरी येतं का?"

समितीत तिघं होते. मधे संचालक, एका बाजूला इमारतीचे अभियंते, जे सगळ्यांची उत्तरं ऐकताना छताकडे बघत, आणि दुसऱ्या बाजूला नव्या केंद्राचे प्रमुख. संचालक खुशीत होते.

"दहा! अभिनंदन. शेवटचा उल्लेख तर अगदी ताजा दिसतोय. काय म्हटलंय तुमच्याबद्दल? वाचून दाखवा ना, मिनिट्समध्ये घेऊ."

दुसरा एखादा माणूस इथे ठसका लागल्याचं नाटक करून पाणी प्याला असता. सरांनी वाचलं, "'हा निष्कर्ष चुकीचा आहे.'"

अभियंत्यांनी छतावरून नजर खाली आणली.

"हे... तुमच्याबद्दल आहे?" संचालकांनी विचारलं.

"हो. आणि ते बरोबर आहे. मी तपासलं."

"मग सर, तुम्ही चुकलात, तर खोली कशाला हवी?" केंद्राचे प्रमुख म्हणाले.

"कोरड्या दाण्यांना खुंटीने फायदा होतो आणि ओल्यांना तोटा," सर म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज चढत होता हे त्यांच्या लक्षात आलं नाही. "याचा अर्थ मधे कुठेतरी एक रेघ आहे. किती ओलावा झाला की फायद्याचा तोटा होतो? मुंग्या तर कधी कोरड्या असतात, कधी ओल्या. दवाखान्यात पेशंट छत्र्या घेऊन येतात. सोळा वर्षं मी अर्धंच बघितलं. उरलेलं अर्धं बघायला खोली हवी. दोन वर्षं पुरतील. नाही पुरली तर मी दारात उभं राहून बघीन."

सरांना वाटलं आपण फार बोललो, आणि ते लाजून खाली बसले. ती खुर्ची अभियंत्यांची बॅग ठेवायची होती, त्यामुळे ते बॅगेवर बसले.

संचालकांनी नियमांचा कागद वर-खाली पाहिला. "नियमात दहा आहे," ते म्हणाले. "यांचे दहा आहेत. चुकू नये असं कुठे लिहिलेलं नाही." मग कागद खाली ठेवून, "आणि चुकलो म्हणून सांगायला या खोलीत आजवर कुणी आलं नव्हतं. खोली राहू द्या. बॅग तेवढी द्या यांची."

सरांनी खोकी उघडली आणि नरसाळी पुन्हा टांगली. राणीला हलवावं लागलं नाही. तिला यातलं काहीच कळलं नाही, आणि एका अर्थी संस्थेत तिच्यासारखी शहाणी तीच.

महिन्याभरात सरांनी दुरुस्ती लिहिली. दोन पानांची. 'सोळा वर्षांपूर्वी मी लिहिलं ते अर्धंच खरं होतं,' अशी सुरुवात होती. खाली संदर्भ म्हणून एकच नाव होतं, गोदामातल्या बाईंचं. अंक आला तेव्हा सरांनी तो पत्नींना दाखवला. त्यांनी पत्ता तपासावा तसा तो वाचला आणि म्हणाल्या, "हं. आता पोचेल."

पंधरा दिवसांनी गोदामातल्या बाईंचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, कागदाला धान्याचा वास येणारं.

'आदरणीय सर, काल वेबसाइटवर माझ्या नावापुढे पहिल्यांदाच आकडा आला. मी तो गोदामात सगळ्यांना दाखवला. हमाल म्हणाले, बाई, एवढी दोन दिवस कोठी बंद पाडलीत आणि मिळाला तो एकच? मी म्हटलं, एकच आहे, पण न मागता आलाय.'